पासधारकाचं पत्र

पंचवटी, नाशिक

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

इंग्रजीच्या निबंधात तू ‘टाइमपास’ लिहिलंस आणि तिकडच्या शाळेतल्या बाईंनी लाल रेघ ओढली, असं तुझी आई फोनवर सांगत होती. एवढ्यासाठी रडायचं?

अगं, तुझा आजोबा जन्माचा पासधारक. 1975 साली मनमाड–मुंबई पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली. नाव पंचवटी, पण ती पंचवटीत येत नाही. पहाटे पंचवटी कारंज्यावरून बस धरून नाशिकरोड गाठावं लागे. खिशात तिमाही पास. इगतपुरी सोडली की थळ घाट, सदतीस फुटांना एक फूट असा उतार. घाटातल्या खिंडीलाही इंग्रज पासच म्हणतात. म्हणजे मी पास घेऊन पासातून जायचो, आणि हातात पानं वाईट आली की डब्यातल्या मंडळींना ‘पास!’ म्हणायचो. तोवर शेंगदाणेवाला ‘टाइमपास, टाइमपास’ करत यायचाच.

‘पास’ या शब्दाचं मूळ लॅटिन ‘पासुस’, म्हणजे पाऊल. असे हजार पासुस झाले की रोमन लोकांचा मैल. इतकं चालून तो आपल्याकडे आला, तर आपण त्याला फारसीतला ‘ना’ चिकटवला. नाराज, नापसंत, तसा नापास. इंग्रजांकडे ‘फेल’ आहे म्हणा, पण ‘गणितात नापास’ हे शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून विचारावं तेव्हा जे झोंबतं, ते फेलमध्ये नाही. बरं, लिंगाचीही गंमत बघ. माझी बायपास झाली, पण गावाबाहेरचा बायपास झाला. हे तुला कुणी शिकवलं नाही, तरी तू चुकणार नाहीस.

एकदाच या शब्दाचा राग आला. 2015च्या सिंहस्थात रामकुंडाजवळ माझ्याच गल्लीच्या तोंडाशी एका पोराने दोरी आडवी धरली आणि विचारलं, ‘बाबा, पास?’ साठ वर्षं राहतोय तिथे! शेवटी तुझ्या आजीने गच्चीवरून हाक मारली, तोच माझा पास.

तर बाईंना नम्रपणे सांग, की ‘पास द टाइम’ तुमचं, टाइमपास आमचा. इंग्रजीच्या पेपरात मी तो पुन्हा लिहिणार नाही. पण आजोबांना पत्र लिहिताना लिहीन.

आणि ते पत्र लवकर टाक.

तुझा,
आजोबा