सारण दोनदा

आधी एक कोडं. आई कोथरूडला, मावशी चिंचवडला. दोघींना मिळून दिवाळीच्या करंज्या करायच्यात. सारणाला एक तास. मग करंज्यांची दोन ताटं, दर ताटाला एक तास. (लाटणं, भरणं, तळणं सगळं त्या तासात आलं. सुगरणींनी हरकत घेऊ नये, मी इंजिनियर आहे :-) ) सारणाचा डबा कोथरूडहून चिंचवडला पोचायला दोन तास, कारण दिवाळीच्या आठवड्यातलं ट्रॅफिक. सगळं लवकरात लवकर कसं उरकेल?

आई एकटीच करत बसली तर तीन तास. आता काम वाटून घेऊ. आईने सारण केलं, निम्मं डब्यात भरून पाठवलं आणि आपलं ताट करून दोन तासांत मोकळी झाली. मावशीच्या हातात डबा पडणार तिसरा तास संपताना, आणि तिचं ताट होणार चौथ्या तासाला. म्हणजे एकटीला तीन तास आणि दोघींना चार!

उत्तर सोपं आहे. दोघींनी आपापल्या घरी सारण करायचं. दोन तासांत काम फत्ते. एकूण कष्ट तीन तासांऐवजी चार तासांचे झाले, पण सगळ्या करंज्या एक तास आधी तयार.

कॉलेजात आम्हाला शेड्युलिंग शिकवलं ते वेगळं. कामांचा आलेख काढायचा, कुठलं काम कुठल्यानंतर ते बाणांनी दाखवायचं आणि रिकामा होईल त्या प्रोसेसरला पुढचं काम द्यायचं. बाणावरून निरोप पोचायला लागणारा वेळ शून्य. त्या जगाचा राजा म्हणजे बेल लॅब्जचा रॉन ग्रॅहम. त्याने १९६६ मध्ये दाखवलं की अशा 'रिकामा दिसला की दे काम' पद्धतीत प्रोसेसर वाढवले तर कधीकधी एकूण वेळ चक्क वाढतो. मात्र कितीही वाईट झालं तरी सर्वोत्तम वेळेच्या दुपटीच्या आतच राहतो. बरी हमी आहे. फक्त बाण फुकट नसतात.

तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत प्रकाश जातो जेमतेम दहा सेंटीमीटर. एकाच डेटा सेंटरमध्ये दुसऱ्या मशीनला काही विचारून उत्तर यायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे पंधरा लाख ठोके. पुण्यात सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला, त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला बोलायला चारच लिंक होत्या. लांबच्या चिपशी बोलायचं तर मधल्यांच्या हातून निरोप द्यायचा. तेव्हापासून चिपा कुठल्या कुठे गेल्या, पण निरोपाला वेळ लागतो तो लागतोच.

आता ऑफिस. आमच्याकडे रोज रात्री एक जॉब चालतो. क्लायंटच्या दुकानांची दिवसभराची विक्री गोळा करायची, सवलती-कर लावायचे आणि सकाळी सहाच्या आत मालाची यादी गोदामाला द्यायची. यादी उशिरा गेली की ट्रक उभे आणि सात वाजता फोन. म्हणून रोज आमच्यातलं कोणीतरी रात्रभर जागं. टीममधल्या एकीचं बाळ सात महिन्यांचं आहे. तिची पाळी आली की सासूबाई बाळाला घेऊन हॉलमध्ये आणि ही बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर. बाळ रडलं की कॉलवर आम्हाला ऐकू येतं. कोणी काही बोलत नाही.

वरून फर्मान आलं, मशिनं दुप्पट करा. आठाची सोळा झाली. जॉब वीस मिनिटं उशिरा संपायला लागला. मग मीटिंग, मग नव्या मशिनांवर संशय, मग व्हेंडरवर संशय. असो.

लॉग नीट वाचल्यावर दिसलं ते असं: त्या दिवसाच्या सवलतींचा तक्ता एकच मशीन तयार करत होतं, आणि बाकीची पंधरा त्याच्या दारात रांग लावून उभी. रेशनच्या दुकानासारखी. आधी रांगेत सात होती, एवढाच फरक. मी म्हटलं, तक्ता बनवायचा कच्चा माल लहानसा आहे, तो संध्याकाळीच सगळ्यांना देऊ आणि प्रत्येकाला आपापला तक्ता बनवू दे. सारण घरोघरी!

मॅनेजरसाहेब म्हणाले, "एकच हिशोब सोळा वेळा? आणि याचं बिल कोण भरणार?"

प्रश्न चुकीचा नाही. पण रिकामं बसलेलं मशीन आलेखावर जितकं खुपतं तितकं वाट बघत बसलेलं खुपत नाही, कारण ते 'बिझी' दिसतं. ही पळवाट माझी नव्हे, बरं का. पापादिमित्रिउ आणि यान्नाकाकिस यांनी १९९० मध्ये सिद्ध केलंय की प्रोसेसर हवे तितके असतील आणि तेच काम पुन्हा करायची मुभा असेल, तर निरोपाला कितीही उशीर होवो, सर्वोत्तमच्या दुपटीच्या आतलं वेळापत्रक झटपट मिळतं.

पुन्हा करायची मुभा काढून घ्या, की गाडी अडते. हूगेव्हेन, लेन्स्ट्रा आणि वेल्टमन यांच्या १९९४ च्या पेपरचं नावच 'तीन, चार, पाच, सहा' असं सुरू होतं. प्रत्येक काम एक टप्प्याचं, प्रत्येक निरोप एक टप्प्याचा, प्रोसेसर अमर्याद. पाच टप्प्यांत उरकेल का, हे पटकन सांगता येतं. सहा टप्प्यांत उरकेल का, हा प्रश्न एनपी-कम्प्लीट! सहाच टप्पे हो! आणि निरोपाचा उशीर मोठा असला तर तो वाढेल तशी हमीही त्याच पटीत ढिली व्हायची. ती लॉगरिदमच्या आवाक्यात यायला २०२० उजाडलं.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. करंज्या सांगितल्या. दोन शुक्रवार वाद झाला, तिसऱ्या आठवड्यात शनिवारी टेस्टची परवानगी मिळाली.

साडेचारला संपणारा जॉब आता अडीचच्या आत संपतो, तोही बारा मशिनांवर. चार परत केली. शेवटचा टप्पा मात्र तसाच आहे. तिथे दुकानांच्या बेरजा एकमेकांना द्याव्याच लागतात, त्या दुसऱ्याने घरी करून चालत नाही. त्यावर सोमवारी बसायचंय.

महिन्याच्या अहवालात 'पुनरावृत्त काम' असा नवा कॉलम आलाय आणि त्यात आमचा जॉब लाल रंगात पहिला आहे. रोस्टरमध्ये अडीचनंतर कोणाचंच नाव नाही.