दुखलं ते उतरताना!

हे आपल्याला शाळेतच का शिकवत नाहीत? नवा व्यायाम सुरू केला की अंग आंबतं, मांड्या भरून येतात, जिना नकोसा होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते दुखणं चढल्याने येत नाही, उतरल्याने येतं! वजन उचलल्याने नाही, ते सावकाश खाली ठेवल्याने. बैठकीतून उठल्याने नाही, खाली जाताना शरीर तोलून धरल्याने. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे आणि माझा उत्साह काही ओसरायला तयार नाही.

दर रविवारी पहाटे सिंहगड चढायचा असं ठरवलं आणि एका जुन्या मंडळींच्या ग्रुपबरोबर आतकरवाडीच्या वाटेला लागले. पुणेकरांना ही वाट वेगळी सांगायला नको. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवरचा माथा, पायथ्यापासून सहाशे मीटरच्या आसपासचा चढ. चढताना धाप लागली, घामाने अंग भिजलं, दर वळणावर थांबावं लागलं. वर पोचल्यावर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, वारा. मग गप्पा मारत, हसत, भराभर पायउतार. खाली आल्यावर वाटलं, चला, अवघड भाग तर केव्हाच संपला होता!

ग्रुपमध्ये सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत. पायथ्याशी चहा पिताना ते म्हणाले, "ताई, आज काही वाटणार नाही. उद्याही फारसं नाही. परवा जिना उतरताना माझी आठवण येईल. त्या दिवशी घरात बसून राहू नका. संध्याकाळी सारसबागेत या, सपाटीवर चालू."

अगदी तसंच झालं. सोमवारी मांड्यांनी नुसती कुरकुर केली आणि मंगळवारी सकाळी पुढची बाजू अशी ठणकायला लागली की खुर्चीत बसताना हात टेकावे लागले. पण गंमत बघा, जिना चढताना फार त्रास नव्हता. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला कठडा घट्ट धरावा लागत होता. संध्याकाळी तशीच सारसबागेत गेले. पहिली काही मिनिटं पाय लाकडासारखे वाटले. मग हळूहळू ते मोकळे व्हायला लागले, पावलं लांब पडू लागली आणि थोड्या वेळाने मी काकांच्या बरोबरीने चालत होते. गोळी नाही, मलम नाही, नुसतं चालणं! ज्या पायांना दिवसभर जपून ठेवलं होतं, त्यांना हवी होती हालचाल.

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. २००३मध्ये या दुखण्यावरच्या संशोधनाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अनेक उपाय तपासून निष्कर्ष असा काढला होता की अशा वेळी आराम देणारा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे व्यायामच. हा आराम तात्पुरता असतो, रात्री पुन्हा थोडं दुखतं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं, पुन्हा मोकळं व्हायचं. तीन-चार दिवसांत दुखणं उतरणीला लागतं आणि आठवड्याभरात जातं.

मग मी वाचत सुटले. या दुखण्याचा माग १९०२ सालापासून काढला जातो आहे! थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंना राबवणारं यंत्र घेऊन प्रयोग केले. व्यायाम करतानाचा थकवा वेगळा आणि काही तासांनी उगवणारं हे दुखणं वेगळं, हे त्याने दाखवलं. स्नायूच्या आतच कुठेतरी बारीक फाटत असणार, असं अनुमानही त्याने तेव्हाच मांडलं. पुढे १९५६मध्ये डेन्मार्कच्या एर्लिंग आस्मुसेन यांनी एक इतका सुंदर प्रयोग केला की वाचताना मी खुर्चीतून उठलेच. माणसाला स्टुलावर चढ-उतार करायला लावायची, पण चढायचं नेहमी एकाच पायाने आणि शरीर खाली सोडायचं नेहमी दुसऱ्याच पायाने. काम दोन्ही पायांना सारखं. चढणारा पाय दमतो जास्त. दुखतो मात्र उतरवणारा!

हा प्रयोग घरी करून बघितल्याशिवाय मला राहवेना. भाचा आला होता, विशीतला, व्यायामाशी अजून ओळख न झालेला. उजवा पाय स्टुलावर ठेवून चढायचं, उतरताना उजवाच पाय आधी जमिनीला टेकवायचा, म्हणजे सगळा भार डावी मांडी सावकाश खाली सोडते. बराच वेळ त्याने हे मनापासून केलं. दोन दिवसांनी सकाळीच त्याचा फोन. "मावशी, फक्त डावी मांडी दुखतेय! उजवीला काहीच नाही!" माझ्या अंगावर काटा आला. डेन्मार्कमध्ये सत्तर वर्षांपूर्वी जे दिसलं, ते आमच्या घरात एका स्टुलाने दाखवलं होतं.

हे घडतं कसं? मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स हा मोठा स्नायूंचा गट आहे. चढताना तो आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना त्याच्यावर दोन उलट कामं एकदम येतात. लांब व्हायचं आणि तरीही धरून ठेवायचं. तेवढंच वजन खाली सोडताना शरीर कमी तंतू कामाला लावतं, त्यामुळे कामाला लागलेल्या प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. हे तंतू सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म कप्प्यांच्या रांगांनी बनलेले असतात. त्यातले काही कप्पे या ताणाने विस्कटतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८१मध्ये, धावत जिने उतरलेल्या लोकांच्या पायाच्या स्नायूचे कणभर नमुने घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्या कप्प्यांच्या सीमारेषा खरोखरच वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या. मग शरीर दुरुस्तीला लागतं. तिथे पेशी जमतात, थोडी सूज येते, रसायनं सुटतात आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. हे सगळं जमून यायला वेळ लागतो, म्हणूनच दुखण्याचा जोर २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. काकांचं ‘परवा’ किती अचूक होतं!

आणि ते लॅक्टिक ॲसिड? ते साचतं म्हणून अंग दुखतं, असं प्रत्येक व्यायामशाळेत ऐकायला मिळतं. पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते रक्तातून ओसरतं. मंगळवारचं दुखणं त्याच्या माथी कसं मारणार? १९८३च्या एका प्रयोगात काही जणांना सपाट आणि उतरत्या ट्रेडमिलवर धावायला लावलं. सपाटीवर धावताना रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर धावताना लॅक्टिक ॲसिड वाढलंच नाही आणि पाय दुखले ते त्यानंतरच!

आता उपायांबद्दल, कारण हे कळल्यावर कुठल्या उपायाला किती मान द्यायचा, तेही स्पष्ट होतं. चालण्याच्या खालोखाल माझा जीव जडला आहे तो मालिशवर. कोमट तिळाचं तेल, हलका हात, घोट्याकडून वर मांडीकडे. कोल्हापूरच्या तालमींमध्ये मल्ल मेहनत झाल्यावर एकमेकांचं अंग रगडून देतात. ती परंपरा किती शहाणी आहे! २०१८मध्ये नव्याण्णव अभ्यास एकत्र तपासून केलेल्या विश्लेषणात दुखणं आणि थकवा कमी करण्यात मालिश सर्वांत वरचढ ठरली. तिने ताकद लवकर परत येते असं नाही, पण ठणका कमी होतो आणि झोप लागते. झोप तर हवीच, दुरुस्तीची कामं तेव्हाच जोरात चालतात. रात्री गरम पाण्याचा शेक घेतला की आखडलेले पाय सैल पडतात. जेवणात डाळ, दही, उसळ, अंडी असं प्रथिनांचं काहीतरी प्रत्येक वेळी असलं पाहिजे. हळदीचं दूध मी प्रेमाने पिते. प्रयोगांमध्ये मात्र हळदीतल्या कर्क्युमिनचा घट्ट अर्क वापरतात, त्याचं प्रमाण कपातल्या चमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

स्ट्रेचिंगबद्दल वाचून तर मी थक्कच झाले. कॉक्रेन या संस्थेने २०११मध्ये सगळे चांगले प्रयोग एकत्र केले, तर व्यायामाआधी किंवा नंतर ताण देऊन दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभरात जेमतेम एखाद्या गुणाने कमी झालेलं आढळलं. अंग लवचीक राहायला ताण द्यावा, जरूर द्यावा, पण या दुखण्यासाठी त्याची आस धरू नये. बर्फाच्या पाण्यात बसल्याने दुखणं कमी होतं, म्हणून लागोपाठ सामने असलेल्या खेळाडूंना त्याचा उपयोग आहे. पण ताकदीच्या व्यायामानंतर प्रत्येक वेळी थंडगार पाण्यात बसलं तर स्नायूंची वाढच मंदावते, असं २०१५च्या एका अभ्यासात दिसलं. शरीराची दुरुस्ती चालू असताना तिला गारठवून कशाला टाकायचं?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायची. हे दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, पसरलेलं, बोथट असतं आणि हालचालीने सैल पडतं. व्यायाम करतानाच एकाच जागी कळ आली, सांधा सुजला, एकच पोटरी लाल आणि गरम झाली, किंवा आठवडा उलटूनही फरक नसला, तर डॉक्टरांकडे जायचं. आणि बेसुमार व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठायचं. तेव्हा स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर येत असतात.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी वाचून मी रात्री झोपलेच नाही! एकदा असं दुखून गेलं की तोच व्यायाम पुन्हा केल्यावर तेवढं दुखत नाही. शरीर एका खेपेतच शिकतं! १९८५मध्ये उतारावर धावणाऱ्यांवर हा प्रयोग झाला. तीन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा धावलेल्यांना दुखणं स्पष्टपणे कमी होतं, नऊ आठवड्यांनी धावलेल्यांचं ते कवच मात्र गेलेलं होतं. म्हणजे एकाच उताराची कमाई दीड महिना पुरते! त्यात हे कवच मिळवायला ठणकेपर्यंत रगडावंही लागत नाही, थोडक्या भारानेही बरंचसं मिळतं. तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारायला लावत नाहीत, थोड्या थोड्या वाढवत नेतात, त्यामागचं शहाणपण आता मला पेशीपेशीत दिसतं. म्हणून यंदा पावसाळी ट्रेकला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: दोन आठवडे आधीपासून रोज थोडे जिने उतरा, आखूड पावलांनी, गुडघे किंचित वाकवून. मग गडावरून उतरताना बघा पाय कसे साथ देतात!

एवढ्यावर थांबायचं तरी कसं, कारण उतरण्याची खरी कमाई अजून सांगायचीच आहे. तैवानमध्ये वयस्कर, स्थूल स्त्रियांचे दोन गट करून बारा आठवडे एकाला जिने चढायला लावले आणि दुसऱ्याला फक्त उतरायला. उतरणाऱ्या बायका वर जायच्या लिफ्टने! २०१७मध्ये निकाल आले. उतरणाऱ्यांची मांड्यांची ताकद, हाडांची घनता, रक्तातल्या साखरेवरचा ताबा, सगळं चढणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं, आणि तेही छातीवर कमी ताण येऊन. ज्यांना धाप लागते, ज्यांना चढ झेपत नाही, त्यांच्यासाठी केवढं मोठं दार उघडलं हे! माझ्या आईला मी लगेच फोन केला. तिच्या सोसायटीत पाच मजले आहेत. गुडघ्यांबद्दल तिने तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आणि आता ती रोज लिफ्टने वर जाते आणि कठड्याला हात लावून, एकेक पायरी, सावकाश खाली येते. तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल. त्यांना आजच सांगा, पहिल्या दिवशी एकच मजला उतरा, परवा थोडं दुखेल, दुखलं तर सपाटीवर चाला, आणि बरं वाटलं की पुन्हा उतरा!