उतार दिसला, हो, उतार!

गुलमर्गला स्कीइंग करून आलेल्या कुणाचाही व्हिडिओ बघा. कॅमेरा हेल्मेटवर, समोर करडा बर्फ, खाली स्कींची दोन टोकं डुगडुगताहेत, आणि वरून ढणढण गाणं. उतरणाऱ्याचा जीव मुठीत असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा सपाटीवरून निवांत चाललाय! डोंगर कॅमेऱ्यात मावतच नाही, असं सगळेच म्हणतात. मावतो! अहो, अख्खा मावतो! फक्त कॅमेरा डोक्यावरून काढायचा आणि खाली जाऊन उभं राहायचं.

वरच्या कोंगडोरीहून गुलमर्गकडे उतरताना झाडी लागते, तिथे मी वाटेच्या कडेला उभा राहिलो. मित्र वर. मोबाईल आडवा, दोन्ही हातांत, क्षितिजाला समांतर. हे समांतर फार महत्त्वाचं, कारण उतारावर उभं राहिलं की हात नकळत उताराबरोबर कलतो, आणि कॅमेरा कलला की उतार संपला! कॅमेरा सरळ धरला आणि काय सांगू, चौकटीत झाडं ताठ उभी, बर्फ त्यांना तिरका कापत खाली येतोय, आणि त्या तिरक्या रेघेवरून मित्र सुसाट! झाडं ओळंब्यासारखी उभी असतात म्हणून डोळ्याला तिरकेपणा मोजता येतो. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला मोजायला काहीच नसतं. त्यात त्याचं रुंद कोनाचं भिंग तीव्र उतारही सपाट करून टाकतं.

मग बर्फाचा रंग. कॅमेरा बिचारा प्रत्येक दृश्य सरासरीने करडं धरून चालतो, त्यामुळे चौकटभर पांढरं दिसलं की घाबरून अंधार करतो. मोबाईलवर बर्फावर बोट दाबून धरलं, फोकस कुलूपबंद केला आणि पडद्यावर शेजारी उमटणारा छोटा सूर्य बोटाने किंचित वर सरकवला. झालं, बर्फ पांढराशुभ्र! फार वर नेला तर मात्र बर्फावरचे बारीक ओरखडे पुसले जातात, आणि खरी गंमत त्या ओरखड्यांतच असते. म्हणून सकाळचं किंवा उतरत्या दुपारचं तिरपं ऊन गाठायचं. ढगाळ दिवशी खड्डाही दिसत नाही आणि उंचवटाही. तेव्हा झाडांच्या आडोशाला राहावं, निदान काळे बुंधे तरी मिळतात.

या वेडाने पछाडल्यावर जुनं काय काय शोधलं! १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या बाँडपटातला स्विस आल्प्समधला पाठलाग पाहा. तो टिपणारा विली बोग्नर हा जर्मनीचा ऑलिंपिक स्कीपटू. दोन्ही टोकांना वर वळवलेल्या स्की पायात, कॅमेरा हातात, आणि गडी चक्क उलटा घसरतोय! आपण उलटं जायच्या भानगडीत पडू नये. मागून जाणारा पुढच्यापेक्षा पक्का असेल तर त्याने काठीवरचा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, बर्फाच्या जवळ धरावा. जवळचा बर्फ सर्रकन मागे जातो, आणि वेग दिसतो तो तिथेच.

आणि एडिटिंग! इथे तर मी रात्री दीड वाजेपर्यंत हॉटेलच्या रजईत बसलो होतो. माणूस चौकटीत येऊ द्यायचा, आणि बाहेरही जाऊ द्यायचा. सारखा त्याचा पाठलाग केला की तो जागच्या जागी नाचल्यासारखा दिसतो. शॉट तोडायचा तो वळणावर, स्कीच्या कडेने बर्फ उडतो ना, नेमक्या त्या फवाऱ्यावर! खालून घेतलेल्या लांबच्या शॉटमध्ये वळण सुरू होतं, फवारा उडतो, कट, आणि जवळच्या शॉटमध्ये तेच वळण पुरं होतं. प्रत्यक्षात मित्र दोनदा उतरलाय, पडद्यावर एकदाच! दिशा मात्र सांभाळायची. डावीकडून उजवीकडे निघालेला माणूस पुढच्या शॉटमध्ये एकदम उजवीकडून आला, तर तो परत वर चालल्यासारखा वाटतो.

स्लो मोशनचा मोह सगळ्यांना होतो. सेकंदाला १२० फ्रेम्सने घेतलेला शॉट २४ ने चालवला की पाचपट हळू होतो; एखाद्या उडीला छान, सगळ्या उताराला लावलं तर झोप येते. त्यापेक्षा गाणं बंद करा आणि आवाज ऐका! घट्ट बर्फावर स्कीची कड घासते तो खर्रर्र, ताज्या बर्फात नुसता हुस्स. हेल्मेटवर वारा एवढा घोंघावतो की यातलं काही ऐकू येत नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये ते लख्ख येतं.

एक अडचण तेवढी आहे. थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते, म्हणून मोबाईल जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो. मित्राची बॅटरी कुठे ठेवायची ते मात्र कळत नाही. “आता शेवटचं, फक्त एकदा,” म्हणून मी त्याला पुन्हा वर नेणाऱ्या गोंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत पाठवतो, आणि तो निघताना विचारतो, “अरे, पण मी स्की करायला आलोय की शूटिंगला?”