एका दाताची गोष्ट

मित्रांनो, दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून चढत जाणारी मोटारसायकल तुम्ही कधी पाहिली आहे का? तिला बसायला सीट जवळजवळ नसतेच. चालवणारा सगळा वेळ उभा! समोर छातीएवढा दगड आला तरी ती पुढचं चाक उचलते आणि मांजर भिंतीवर चढावं तशी वर जाते.

आमच्या शाळेतल्या एका मुलाने ही गाडी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यासंपल्या मला विचारलं, "सर, ती गाडी दगडावर चढते. मग तुमची गाडी आपला घाट का चढत नाही?"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. पण खरं सांगू? प्रश्न मला चांगलाच लागला होता.

का लागला, ते सांगतो.

२०१९ साली माझी बदली भोर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत झाली. माझी खोली तालुक्याच्या गावी. तिथून शाळा अठरा किलोमीटर. त्यातले पंधरा किलोमीटर सपाट रस्ता आणि शेवटचे तीन किलोमीटर नुसता चढ, तोही वळणावळणाचा आणि खडीचा. माझ्याजवळ शंभर सीसीची जुनी मोटारसायकल. सपाटीवर शहाणी, चढावर रडकी.

हा मुलगा चढाच्या पायथ्याशी राहायचा. चौथीत होता. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही, त्याला ते आवडायचं नाही. आपण त्याला 'मोजणीदार' म्हणू. कारण त्याला दिसेल ते मोजायची खोड होती. शाळेच्या छपराचे पत्रे, गुरांच्या कळपातली शेपटं, माझ्या शर्टाची बटणं, काहीही! त्याचा एक पाय जन्मापासून अधू होता. बाकीची मुलं तो चढ अर्ध्या-पाऊण तासात उड्या मारत चढायची. मोजणीदाराला दीड तास लागायचा. म्हणून मी त्याला रोज मागे बसवून नेऊ लागलो. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. त्याचं जरा मोठं व्हायचं.

जुलैतली गोष्ट. पाऊस नुकताच थांबला होता. तिसऱ्या वळणावर, जिथे चढ सर्वांत उभा आहे, तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये असूनही धापा टाकायला लागली. मी क्लच अर्धा दाबून धरला, रेस वाढवली. जळकट वास आला आणि गाडी बंद पडली. नुसती बंद पडली नाही, मागे सरकू लागली. ब्रेक दाबला तर खडीवरून चाक घसरलं आणि आम्ही दोघं डोंगराच्या बाजूला आडवे झालो.

नशीब, दरीच्या बाजूला नाही.

मला काही झालं नाही. मोजणीदाराचं कोपर सोललं. तो रडला नाही. माती झटकून म्हणाला, "सर, उद्यापासून मी चालतच येईन."

पण दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात उभी होती. म्हणाली, "गुरुजी, पावसात एवढं चालवत नाही त्याला. आन् गाडीवर बसवायचा धीर होत नाही मला. राहू दे आता दिवाळीपर्यंत घरीच."

दिवाळीपर्यंत घरीच राहिलेली मुलं पुढे किती वेळा परत येतात, हे मास्तराला विचारा. मला काही बोलता येईना. मागून मोजणीदार लंगडत आला आणि त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, "सर, त्या दगडावरच्या गाडीत काय असतं, जे आपल्या गाडीत नाही?"

मी म्हटलं, "शोधून काढतो."

आणि खरोखरच शोधलं. त्या गाड्यांना ट्रायल्स मोटारसायकल म्हणतात. त्यांची शर्यत वेगाची नसतेच मुळी. अवघड वाट पाय न टेकता पार करायची. पाय एकदा टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन. ज्याचे दंडगुण कमी, तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये अशी एक स्पर्धा सहा दिवस चालते. तिची सुरुवात १९०९ सालची. स्पेनचा टोनी बोऊ हा या खेळातला राजा. २००७ पासून पुढे कितीतरी वर्षं त्याने सलग जगज्जेतेपद मिळवलं.

पण मला हवी होती ती माहिती वेगळीच. या गाड्या माणसाच्या चालीने, किंबहुना त्याहूनही हळू चालू शकतात आणि तरी बंद पडत नाहीत. कशा? गाडी हलकी असते, सत्तर किलोच्या आसपास. आतले खालचे गिअर फार संथ असतात. आणि तिसरं कारण तुम्हालाही डोळ्यांनी दिसेल असं आहे : साखळीची दोन दातेरी चाकं. पुढचं अगदी छोटं, दहा-अकरा दातांचं आणि मागचं मोठं, चाळीसच्या आसपास दातांचं.

तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्या चाचांना मी हे सांगितलं. ते हसले. "मास्तर, इंजिन बदलायला निघालात की काय? दात बदला, दात!"

दात म्हणजे स्प्रॉकेटचे दात. गाडीचं झाकण काढून चाचांनी दाखवलं. पुढे १४ दात, मागे ४२. आता गणित करा बघू. ४२ भागिले १४, किती? बरोब्बर ३. म्हणजे पुढचं चाक तीनदा फिरलं की मागचं एकदा फिरतं. पुढचं चाक लहान केलं, तर मागच्या चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाला जास्त फेरे घालावे लागतात. गाडी हळू जाते, पण ओढ वाढते. विहिरीच्या रहाटासारखंच हे. मूठ लांब असली की हात जास्त फिरवावा लागतो, पण घागर हलकी लागते.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पुढे १३ दात बसवायचे, पुढे १२ बसवायचे किंवा पुढचं चाक तसंच ठेवून मागे ४५ दातांचं बसवायचं.

दुसऱ्या दिवशी मी ही तिन्ही गणितं कागदावर लिहून मोजणीदाराच्या घरी दिली. शाळेत येत नाहीस ना, मग हा घरचा अभ्यास! संध्याकाळी उत्तरं तयार होती. ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३. ४५ भागिले १४ म्हणजे ३.२१. तो म्हणाला, "सर, पुढचा एक दात काढला काय अन् मागं तीन वाढवले काय, सारखंच की!"

शाबास! पुढचं चाक लहान, म्हणून तिथल्या एका दाताला मोठी किंमत. मागचं चाक महाग, शिवाय साखळीही लांब घ्यावी लागली असती. पुढचं चाक दोनशे रुपयांच्या आत येत होतं. तेव्हा मागचं बाद झालं.

मग १३ की १२? मला मोह झाला १२चा. ४२ भागिले १२, साडेतीन. ओढ शेकडा सतराने वाढणार. आता घाट काय, कडाही चढू! चाचांनी बसवून दिलं. गाडी चढावर अशी गेली, की मी एकटाच आनंदाने ओरडलो. पण सपाटीवर? इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. आधी ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी ५६ किलोमीटर जात होती, त्याच फेऱ्यांवर आता ४८ जाऊ लागली. पेट्रोल वाढलं. शिवाय लहान चाकाभोवती साखळीला जास्त वाकावं लागतं, त्यामुळे ती लवकर झिजते. आणि एक भलतीच गोष्ट झाली : साखळी मागच्या दांड्याला घासू लागली.

मी ही रड मोजणीदाराला सांगितली. त्याने बोटांवर हिशेब केला. "सर, चौदा दातांना छप्पन्न, म्हणजे एका दाताला चार किलोमीटर. तेराला बावन्न. चढ तीनच किलोमीटर आहे अन् सपाट पंधरा. तुम्ही तीन किलोमीटरसाठी पंधरा किलोमीटर कशाला ओरडत जाता?"

घ्या! डीएड झालेल्या मास्तराला चौथीतल्या मुलाने शिकवलं. ट्रायल्सवाले खेळाडूसुद्धा हेच करतात. वाट अरुंद आणि चिखलाची असली तर लहान चाक, मोकळी आणि वेगाची असली तर एखादा दात जास्त. सर्वांत चांगलं चाक असं नसतंच. वाट बघून चाक निवडायचं.

आम्ही १३ दात बसवले. साखळीचा ताण नव्याने जुळवला. मग मी गाडी मोजणीदाराच्या अंगणात मुख्य स्टँडवर उभी केली. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. पुढच्या दातांवर खडूची खूण केली आणि त्याला मागचं चाक हाताने हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवायला लावलं. मागची एक फेरी, पुढच्या तीन आणि वर थोडी! त्याची आई ओट्यावरून पाहत होती. तिने विचारलं, "याने काय हुतंय गुरुजी?"

उत्तर मी दिलं नाही. मोजणीदाराने दिलं. "आई, गाडी आता माझ्यासारखी झाली. हळू चालंल, पण थांबायची नाही."

ती काही बोलली नाही. पण सोमवारी सकाळी तो हेल्मेट घालून रस्त्यावर उभा होता आणि शेजारी तीही उभी होती. "मी तिसऱ्या वळणापर्यंत येते," म्हणाली. ती आडवाटेने आधीच वर चढली. वळण आलं. पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडलेला. गाडी गुरगुरली, पण अडली नाही. तिच्यासमोरून आम्ही चालीच्या वेगाने वर गेलो. मागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही. मोजणीदाराने मात्र हात हलवला असणार, कारण गाडी जराशी डुगडुगली.

आता खरं तेही सांगायला हवं. सगळे प्रश्न सुटले नाहीत. चिखलात ओढ वाढली तर चाक जागीच फिरतं. ट्रायल्सच्या गाडीचे टायर मऊ असतात, हवाही फार कमी ठेवतात, म्हणून ती पकड धरते. आपल्या रस्त्यावरच्या गाडीला ते चालत नाही. म्हणून फार पाऊस असला, की आम्ही तिसऱ्या वळणाआधी उतरायचो. मी गाडी ढकलायचो, तो पावलं मोजायचा. तीनशे बारा पावलं. रोज तेवढीच, एक कमी नाही की जास्त नाही.

मोजणीदार चौथी पास झाला. पुढे तालुक्याच्या हायस्कूलला एसटीने जाऊ लागला. माझी गाडी अजून १३ दातांवरच आहे. एकदा चाचांनी विचारलं होतं, आता मागे कुणी बसत नाही, पुन्हा १४ बसवू का? मी म्हटलं, राहू द्या. पायथ्याशी आणखी एखादं लेकरू उभं राहीलच की.

तर मित्रांनो, तुम्हाला एक काम. घरात सायकल असेल तर तिच्या दोन्ही चाकांचे दात मोजा. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा आणि पॅडलची एक फेरी झाली की मागचं चाक किती फिरतं, ते खडूची खूण करून पडताळून पाहा. मात्र बोटं साखळीपासून लांब ठेवा. फिरत्या साखळीला कुणाची ओळख नसते. आणि मोटारसायकलला अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मोजायला मात्र वयाची अट नाही!