साडेचार इंचांचा फरक

तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्या. चारी बाजूंनी बंद असेल तर त्यावर खुशाल उभे राहून माळ्यावरचे सामान काढावे. आमच्या घरी वर्षानुवर्षे हेच चालते. पण तोच डबा उभा चिरून अर्धा करा. पत्रा तोच, जाडी तीच, तरी मांजर बसले तर मुरडेल!

मी उभा जन्म पुलांचे नकाशे काढण्यात घालवला. बॉक्स गर्डर म्हणजे पोलादी पत्र्यांची अशीच लांबलचक पोकळ पेटी. वजनाला हलकी, पिळाला दाद न देणारी. मात्र हे सारे बळ पेटी पुरी झाल्यावरचे. तोवर दाबाखाली पातळ पत्रा तुटत नाही, फुगतो. व्हिएन्ना, वेल्समधील मिल्फर्ड हेवन, मेलबर्न, कोब्लेन्झ. १९६९ ते १९७१ या अवघ्या दोन वर्षांत चार पूल बांधता बांधताच दगावले.

त्यांतला मेलबर्नचा वेस्ट गेट पूल मनातून जात नाही. तिथे पेटीचे दोन उभे अर्धे भाग जमिनीवर जोडून वेगवेगळे वर चढवले. वर शेजारी ठेवून पाहतात तो एक भाग साडेचार इंच उंच! ११२ मीटरच्या गाळ्यात साडेचार इंच ते काय? पण जोड काही जुळेना. मग उंच भागावर आठ-आठ टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचले. वरचा पत्रा फुगला. फुगवटा बसवायचा म्हणून जोडाचे बोल्ट सोडवू लागले. एकाने हात सोडला की भार शेजाऱ्यावर; आणि शेजारी आधीच थकलेला.

१५ ऑक्टोबर १९७०. दुपारी बाराला दहा मिनिटे कमी असताना गाळा कोसळला. पस्तीस माणसे गेली. कामगारांच्या जेवणाच्या खोल्या नेमक्या त्याच गाळ्याखाली होत्या. मला विचाराल तर पत्र्याच्या हिशेबापेक्षा हीच गोष्ट मला अधिक छळते. अर्धवट पेटीखाली माणसांनी डबे उघडावेत?

पूल पुढे १९७८ साली खुला झाला. आमची मुलगी मेलबर्नला असते. तिथल्या मोनॅश विद्यापीठाच्या आवारात त्या गाळ्याचे सहा पिळवटलेले तुकडे ठेवले आहेत, इंजिनिअरिंगच्या मुलांना जाता-येता दिसावेत म्हणून. मी एकावरून हात फिरवला. जावई म्हणाले, "बाबा, उभे राहा, फोटो काढतो."

मी नको म्हटले.