श्रीमंत डोंगराच्या पायथ्याशी

बोलिव्हियात सुक्रेहून पोतोसीला निघालेली बस तीनेक तास चढतच राहते. सुक्रे २,८०० मीटरवर, पोतोसी ४,००० मीटरच्याही वर. झाडं मागे पडतात, पिवळं राठ गवत सुरू होतं, लामांचे कळप दिसू लागतात आणि श्वास आखूड होतो. शेजारच्या बाईंनी न विचारताच कोकाच्या पानांची पिशवी पुढे केली. पानं गालात धरून बसलो, आणि एका वळणावर सेरो रिको समोर आला. नावाचा अर्थच श्रीमंत डोंगर. तांबूस, उघडाबोडका, शंकूसारखा. अंगावर सगळीकडे खाणींची तोंडं आणि उपसलेल्या मुरुमाचे ढीग.

स्पॅनिश सेनानी पिसारोने इंका सम्राट अताहुआल्पाला कैद केलं ते १५३२ साली. त्यानंतर तेरा वर्षांनी, १५४५ मध्ये, दिएगो ह्वाल्पा या स्थानिक माणसाला या डोंगरावर चांदी सापडली. पुढे शंभर वर्षं स्पेनच्या साम्राज्याचा खर्च बऱ्याच अंशी इथून निघत राहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोतोसीची वस्ती दीड लाखाच्या घरात होती. एवढ्या उंचीवर, जिथे धड पीकही येत नाही.

ही कहाणी बहुतेक वेळा लोभाची आणि क्रौर्याची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. मला मात्र पहिल्या पंचवीस वर्षांनी जास्त धरून ठेवलं. त्या काळात खनिज वितळवणं स्पॅनिशांना जमत नव्हतं. ते कसब अँडीजच्या लोकांकडे होतं. ‘ग्वायरा’ नावाच्या, भोकं पाडलेल्या मातीच्या भट्ट्या ते डोंगरउतारावर वाऱ्याच्या तोंडाशी ठेवत आणि वाराच भात्याचं काम करी. रात्री अशा हजारो भट्ट्या पेटलेल्या असत. खाण गोऱ्या मालकाची, पण चांदी हाती यायची तर या कारागिरांना त्यांचा वाटा द्यावाच लागे.

मग वरचं कसदार खनिज संपत आलं. १५७२ च्या सुमारास व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने पाऱ्याची पद्धत आणली. खनिज कुटून त्याची पूड करायची, ती पाऱ्यात कालवायची, मग पारा उडवून चांदी मागे ठेवायची. हलक्या खनिजातूनही चांदी निघू लागली. पारा पेरूतल्या ह्वांकावेलिकाच्या खाणींतून आला. कुटणयंत्रांना पाणी हवं म्हणून कारी-कारीच्या डोंगरांत तलाव बांधले. या सगळ्याला भांडवल लागत होतं आणि ते स्पॅनिशांकडे होतं. ग्वायरा विझत गेल्या. कारागीर होता तो मजूर झाला.

मजूर कमी पडू नयेत म्हणून तोलेदोने इंकांची जुनी ‘मिता’, म्हणजे पाळीची वेठ, नव्या रूपात लादली. सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी दर सातातला एक, असे वर्षाला तेरा हजारांवर पुरुष इथे येत. बायकापोरं, लामा, शिधा असं सगळं घेऊन कित्येक आठवडे चालत. मजुरी मिळे, पण तीत पोट भरत नसे. अंगठ्याला मेणबत्ती बांधून, पाठीवर खनिज घेऊन कातड्याच्या शिड्या चढणाऱ्या माणसांचं वर्णन होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने केलं आहे. या डोंगराने ऐंशी लाख माणसं गिळली, असं इथे सर्रास ऐकायला मिळतं. त्या आकड्याला कागदाचा आधार नाही. तो नसला तरी काही अडत नाही. पाळी चुकवण्यासाठी माणसं गावं सोडून परागंदा होत, आणि ओस पडलेल्या त्या गावांच्या नोंदी पुरेशा बोलतात.

टांकसाळीचा वाडा, कासा दे ला मोनेदा, आता संग्रहालय आहे. आत लाकडाची अजस्र दातेरी चक्रं आहेत. खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरत आणि वर चांदीचे पत्रे लाटले जात. एका दालनात अठराव्या शतकातलं, चित्रकाराचं नाव नसलेलं एक चित्र आहे. त्यात मेरीचा झगा म्हणजेच सेरो रिको. झग्यावर वाटा, माणसं, जनावरं आणि वर मेरीचा चेहरा. पायाशी पोप आणि सम्राट हात जोडून. पण डोंगराला देवता मानणाऱ्या लोकांना या चित्रात आपलीही देवता दिसली असणार, असं मला त्याच्यासमोर उभं असताना ठामपणे वाटलं.

इथल्या नाण्यांजवळ मराठी माणसाने थोडं जास्त थांबावं. ही चांदी लामांच्या पाठीवरून समुद्राकडे जाई, जहाजांनी पनामा आणि सेव्हिल गाठी, आणि तिचा मोठा ओघ पोर्तुगीज, डच, इंग्रज व्यापाऱ्यांच्या हातून कापड आणि मसाल्यांच्या मोबदल्यात गोव्याला, सुरतेला येई. मुघल टांकसाळीत रियाल, म्हणजे स्पॅनिश नाणी, वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेहून जी संपत्ती आणली, तिच्यात या डोंगराची चांदी रुपयांच्या रूपात असणं अगदी शक्य आहे. ती खोदणाऱ्याला सुरत ठाऊक नव्हती आणि सुरतेच्या सराफाला तो.

दुपारी खाणकामगारांच्या बाजारात गेलो. कोका, सिगारेटी, जाळ लागेल असलं मद्य आणि सुरुंगाच्या कांड्या एकाच दुकानात. खाणीत बसवलेल्या शिंगवाल्या ‘तिओ’ला, पाताळाच्या धन्याला, यातलं बरंच काही वाहतात. पर्यटकांना आत नेणाऱ्या सहली आहेत. मी गेलो नाही. माणसं धूळ गिळत राबत असताना त्यांच्या अंगावर दिवा टाकून बघणं मला पटलं नाही. खाणीच्या तोंडापर्यंत गेलो. चौकटीवर बळी दिलेल्या लामाचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

अठराव्या शतकात इथे ‘काख्चा’ नावाचे लोक होते. शनिवारी रात्री मालकांच्या खाणींत उतरत, सोमवार उजाडेपर्यंत स्वतःसाठी खणत आणि आपल्याच छोट्या घाण्यांवर ते खनिज दळत. मालक त्यांना चोर म्हणत. ते स्वतःचा हक्क सांगत. मिता १८१२ मध्ये कायद्याने संपली, १८२५ मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला. आज डोंगर खणतात त्या कामगारांच्या सहकारी संस्था. कथील, जस्त, उरलीसुरली चांदी. २०११ मध्ये शिखराचा भाग खचला, २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसी धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत घातलं. ४,४०० मीटरच्या वर खणू नये असं सरकार म्हणतं. कामगार विचारतात, मग खायचं काय? संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा पोरसवदा मुलंही बाहेर पडत होती, आणि रात्रपाळीची माणसं गाल कोकाने भरून आत निघाली होती.