कडक आयन, सैल कवच

आमच्याकडे पीएच.डी. करणारी मुलं सोडियम क्लोराइडच्या कंपनांचा पहिला आलेख घेऊन येतात, तेव्हा माझी नजर आधी डाव्या टोकाला जाते. तिथे तरंगलांबी अतिशय मोठी असते आणि मिठाच्या प्रकाशीय शाखा दोन वेगळ्या ठिकाणांहून निघायला हव्यात: अवतरंगाची सुमारे 4.9 टेराहर्ट्झवरून, अनुतरंगाची सुमारे 7.9 वरून. पुष्कळदा दोन्ही एकाच बिंदूत मिळालेल्या दिसतात. आकडेमोड बरोबर असते, पण आयनांचं लांबवर पोचणारं विद्युत क्षेत्र हिशेबात धरायचं राहिलेलं असतं.

अनुतरंगात सोडियम आणि क्लोराइड तरंगाच्याच दिशेने उलटसुलट सरकतात. त्यातून उभं राहणारं विद्युत क्षेत्र त्यांना मागे ओढतं, म्हणून वारंवारता वाढते. अवतरंगाला ही जादा ओढ मिळत नाही. हिऱ्यात मात्र दोन्ही शाखा खरोखरच एकत्र येतात, कारण तिथले अणू भारित नसतात.

मिठाच्या या थरथरीचं भौतिकशास्त्रावर मोठं ऋण आहे. बर्लिनमध्ये हाइनरिश रूबेन्स यांनी स्फटिकांवरून अवरक्त किरण पुन्हापुन्हा परावर्तित करून घेतले. स्फटिकाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळणारे किरण तेवढे शेवटी उरतात. मिठातून मिळतात ते सुमारे 51 मायक्रॉनचे. 1900 साली अशाच उर्वरित किरणांच्या मोजमापांनी प्लांक यांना त्यांच्या सूत्राकडे नेलं.

बॉर्न आणि फॉन कार्मान यांनी 1912 मध्ये स्फटिकाच्या कंपनांचं गणित मांडलं. ते मिठाला पूर्णपणे लावलं केलरमान यांनी, 1940 मध्ये, बॉर्न यांच्याच एडिंबरोतल्या गटात. कूलॉमचं बल इतकं सावकाश ओसरतं की साधी बेरीज करत गेलं तर उत्तर स्थिरावतच नाही. त्यासाठी इवाल्ड यांची 1921 ची युक्ती वापरायची आणि तीही हाताने! हे काम मला अजून थक्क करतं.

पण केलरमान यांचा आयन म्हणजे भार असलेली कडक गोळी. तसा आयन धरून दोन्ही वारंवारतांच्या वर्गांतला फरक काढला, तर तो टेराहर्ट्झच्या वर्गांत सुमारे 70 येतो. वर दिलेल्या आकड्यांवरून तो 38 च्या आसपास भरतो. जवळपास दुप्पट तफावत ही किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही. क्लोराइडभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग सैल असतो. क्षेत्र लागलं की तो सरकतो आणि त्या क्षेत्राची धार कमी करतो. कडक गोळीला हे जमणार कसं?

डिक आणि ओव्हरहाउसर यांनी 1958 मध्ये आयनाचे दोन भाग कल्पिले: जड गाभा आणि त्याला स्प्रिंगने बांधलेलं, वस्तुमान नसलेलं भारित कवच. 1960 मध्ये वूड्स, कॉक्रन आणि ब्रॉकहाउस यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या अणुभट्टीवर सोडियम आयोडाइडची कंपनं न्यूट्रॉनांनी मोजून ही कल्पना तपासली. कडक आयनांचं गणित जिथे वर निसटत होतं, तिथे कवचाचं मोजमापाच्या बरंच जवळ आलं. त्याच चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांच्याबरोबर जर्मेनियमवर काम केलेले पी. के. अय्यंगार यांनी पुढे तुर्भ्याला न्यूट्रॉनांचं हे तंत्र रुजवलं. ‘अप्सरा’ आणि ‘सायरस’ या भट्ट्यांभोवती आपल्याकडे या विषयाची पिढी घडली.

आता घनता फलनाच्या सिद्धांतावरून संगणक एकही आकडा प्रयोगातून उसना न घेता असे आलेख काढून देतो. ते उत्तर जास्त भरवशाचं असतं, हे मला मान्यच आहे. तरीही मुलांनी आधी कवचाचं गणित स्वतः करावं, असा माझा आग्रह असतो. वस्तुमान नसलेलं कवच निसर्गात कुठेही नाही, पण त्यातला प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे बोट ठेवून सांगता येतं. बाकी सगळं तसंच ठेवून क्लोराइडच्या कवचाची स्प्रिंग थोडी सैल केली, की अनुतरंगाची शाखा डोळ्यांदेखत खाली उतरते.